विहिरीवरचा फळा

गुरुवारी दुपारी शालिग्राम बुलढाण्याहून येणाऱ्या एसटीतून धाडच्या स्टँडवर उतरला. विज्ञान शिक्षकांचं चार दिवसांचं शिबिर आटोपून तो येत होता. हातात पिशवी होती आणि पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या बारा परीक्षानळ्या होत्या. गाव तिथून तीन मैल. स्टँडवर गावची चार-पाच माणसं होती, पण एकानंही रामराम घातला नाही. फक्त गावचा कोतवाल तुळशीराम पुढं आला.

"काय बे तुळशीराम, इकडं काय करून राह्यला?"

"तुमच्यासाठीच आलो, मास्तर."

"माझ्यासाठी? मी काय नवरदेव आहे, का वेशीवर घ्यायला आला?"

तुळशीरामनं डोक्याचा रुमाल काढून हातात घेतला. "बाई गेल्या, मास्तर. काल पहाटे. पटकीनं."

"कोणत्या बाई?" शालिग्रामनं विचारलं.

तुळशीरामनं पिशवी घ्यायला हात पुढं केला. तेव्हा शालिग्रामला समजलं.

"कुठं आहे ती आता?"

"कालच दुपारी केलं सगळं. दवाखान्याचा माणूस म्हणे, थांबू नका. तुमच्या सासूबाई आल्या आहेत."

शालिग्राम तीन मैल चालत गेला. तुळशीराम मागून पिशवी मागत होता, यानं दिली नाही. नळ्या फुटू नयेत म्हणून तो पिशवी छातीशी धरून चालला. बायकोची राख झालेली आणि आपण काचेला जपत होतो, या गोष्टीचा त्याला पुढं कित्येक दिवस संताप येत राहिला.

विमल चौथी शिकलेली होती. पण शालिग्रामच्या रसायनाच्या तासाची अर्धी तयारी तिची असायची. हायस्कूल होऊन तीन वर्षं झाली होती, प्रयोगशाळा नव्हती. एक कपाट होतं, त्याला कुलूप होतं आणि किल्ली हेडमास्तर शेषरावांच्या कमरेला. साहेब तपासणीला आले की कपाट उघडायचं, एरवी नाही. मग शालिग्राम घरच्या वस्तूंवर तास घ्यायचा. विमल जुन्या उत्तरपत्रिका हळदीच्या पाण्यात बुडवून दोरीवर वाळत घालायची आणि कात्रीनं बोटाएवढ्या पट्ट्या कापायची. वर्गात पोरांनी त्या पट्ट्या चुन्याच्या निवळीत बुडवल्या की लाल व्हायच्या, लिंबू पिळलं की परत पिवळ्या. जास्वंदीच्या फुलांचं पाणी, खायचा सोडा, मोरचूद, गंजलेला खिळा, सगळं चालायचं. आठवीतली पोरं त्याला जादूचा तास म्हणायची. सगळ्यांना आवडायची ती लाल दवेची जादू. पेल्यात पोटॅशियम परमँगनेटचं लालभडक पाणी, त्यात लिंबाचा रस, आणि बघता बघता लाली गुप्त. पोरं टाळ्या पिटायची.

श्रावण लागला आणि खालच्या आळीत जुलाब-उलट्यांच्या पटकीनं दोन माणसं गेली. पंचायतीनं विहिरीत टाकायला तीच लाल दवा आणली. आता गावच्या बायकांचा स्वभाव असा, की दवेनं लाल झालेलं पाणी कोणी भरेना. देवाला घालायचं पाणी, त्यात रक्तासारखा रंग! कोणी म्हणे वांझ करायची दवा आहे. बायका नाल्यावर जाऊन भरू लागल्या. तेव्हा सरपंच अर्जुनरावांनी शालिग्रामला बोलावलं.

"मास्तर, तुम्ही शिकलेले. असं काही लिहून द्या की या बायका ऐकतील."

विहिरीजवळ शाळेचा एक जुना फळा टेकवला होता. शालिग्रामनं त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: लाली गेली की पाणी शुद्ध. मग निर्धास्त भरावे. सुटसुटीत होतं. ज्याला वाचता येत नव्हतं त्याच्याही तोंडात बसलं. आणि दुसऱ्या दिवशी तो शिबिराला गेला.

पुढचं त्याला गोजरबाईनं, सासूनं, ओसरीवर बसून सांगितलं.

"सोमवारी त्या तुळशीरामनं दवा टाकली. अर्धी चिलीम ओढून होत नाही तं लाली गायब. तरी बायका घागरी घेऊन उभ्याच. म्हणल्या, मास्तरीणबाईनं भरू दे आधी, मग आम्ही. तं भरलं माह्या विमलनं. पहिला पाण्याचा गुंड तिनं भरला, तिथंच ओंजळभर पिऊन दाखवलं. मग साऱ्यांनी भरलं." म्हातारीनं पदर तोंडाला लावला आणि लगेच काढला. तिला रडायचं नव्हतं. "दवा खाल्ली त्या मेल्यानं, जवाईबुवा. चिमूटभर टाकली आन् पुडी इकली कुठं तरी. भरपूर टाकली असती तं लाली इतक्यात जाते का? तुम्हीच सांगा, तुम्ही सायन्सवाले."

"नाही जात," शालिग्राम म्हणाला.

त्याला तेच हवं होतं. बातमी कळल्यापासून अंगात नुसता जाळ होता आणि तो टाकायला जागा नव्हती. आता जागा मिळाली. तिसऱ्या दिवशी राख सावडून येताना तो तुळशीरामच्या दारात थांबला.

"किती टाकली होती बे दवा?"

"आख्खी पुडी, मास्तर. बकेटीत कालवली, बकेट धा-बारा डाव खालीवर केली. देवाशप्पथ."

"देवाची शपथ चोरच घेतात."

"मास्तर, तुमच्यावर डोंगर कोसळला, म्हणून ऐकून घेऊन राह्यलो."

"ऐकू नको! बोल! कोणाला विकली? काऊन विकली?"

तुळशीरामची बायको बाहेर आली आणि नवऱ्याला हाताला धरून आत घेऊन गेली. शालिग्राम बंद दारासमोर उभा राहून ओरडत होता. आळीतल्या लोकांनी ऐकलं. त्या दिवसापासून गावात तुळशीरामला कोणी चहा विचारीना. पंचायतीनं ठरवलं, तेराव्यानंतरच्या रविवारी बैठक घ्यायची आणि मास्तर पुरावा देतील तर तुळशीरामचं कोतवालपण काढून घ्यावं म्हणून तहसीलला लिहायचं.

पुरावा कसा द्यायचा ते शालिग्रामनं तेराव्याच्या जेवणाच्या पंगतीतच ठरवलं होतं. गोजरबाई तिच्या गावी परत गेली. जाताना म्हणाली, "त्याले सोडू नका." तो शनिवारी शाळेत गेला आणि थेट हेडमास्तरांच्या खोलीत शिरला.

"किल्ली द्या."

"अहो मास्तर, आणखी चार दिवस सुट्टी घ्या. एवढी घाई कशाची..."

"शेषराव, तीन वर्षं झाली, पोरांनी त्या कपाटाची नुसती काच पाहिली. आज किल्ली नाही दिली तर दगड घालीन."

शेषरावांनी किल्ली टेबलावर ठेवली आणि खिडकीकडं पाहू लागले.

दहावीचा वर्ग होता, एकोणीस मुलं आणि तीन मुली. कपाटातून तराजू आणि मापं निघाली, आणि शिबिरातून आणलेल्या बारा नळ्या बाकावर ओळीनं लागल्या. सहा नळ्यांत घरून आणलेलं उकळून गाळलेलं पाणी, सहांत पोरांनी सकाळीच भरून आणलेलं विहिरीचं. पंचायतीच्या दवेच्या पुडीवर छापलेल्या मापानं शालिग्रामनं फळ्यावर हिशेब मांडला.

"इतक्या पाण्याला इतके थेंब. पण आपण दुप्पट टाकू. उद्या कोणी म्हणायला नको की मास्तरनं हात आखडला. टाका."

"दुप्पट, सर?" हिंमत नावाच्या पोरानं विचारलं.

"ऐकू येत नाही का बे? दुप्पट!"

पोरं जपून थेंब टाकू लागली. नळ्या वापरायला मिळाल्या म्हणून त्यांना आतून आनंद झाला होता, पण सरांचं तोंड बघून कोणी हसत नव्हतं. तरी मागच्या बाकावर कुजबुज झालीच. "माही तुह्यापेक्षा लाल आहे." "हट, तू तीन टाकले." शालिग्रामनं छडी बाकावर आपटली. बाराही नळ्या सारख्याच लाल झाल्या. त्यानं खिशातलं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.

"तुळशीरामनं टाकली तेव्हा अर्ध्या चिलमीत लाली गेली. पुऱ्या मापाची दवा किती टिकते ते आता बघा आणि वहीत लिहा. उद्या पंचायतीत मी या वह्या वाचून दाखवणार आहे."

सगळे बघत बसले. पाच मिनिटांनी विहिरीच्या नळ्यांतली लाली फिकी झाली. सात मिनिटांनी ती मातकट झाली. दहाव्या मिनिटाला त्या सहा नळ्यांत लाल म्हणून काही उरलं नाही, तळाशी जरा पिवळट गाळ तेवढा होता. उकळलेल्या पाण्याच्या नळ्या मात्र जशाच्या तशा लाल होत्या.

"परत करा," शालिग्राम म्हणाला.

परत केलं. तेच झालं. दुप्पट दवासुद्धा अर्ध्या चिलमीत गेली.

पहिल्या बाकावरची सिंधू उठली. हुशार मुलगी होती, पण कधी काय विचारावं ते तिला कळत नसे.

"सर, मग तुळशीरामकाकानं दवा चोरली नाही ना?"

"बस खाली."

"पण सर, आठवीत तुम्हीच दाखवलं होतं. लिंबाचा रस टाकला की लाली जाते. तुम्ही म्हणले होते, लाली गेली म्हणजे दवा खर्च होऊन संपली, आता तिच्यात काही जोर राह्यला नाही. तसंच विहिरीत घाण असेल तर दवा घाणीतच संपली ना? मग विहिरीवरच्या फळ्यावर तं..."

"बस खाली म्हटलं ना! अक्कल शिकवते मला!"

छडी तिच्या बाकावर बसली. एक नळी उडून खाली पडली आणि फुटली. सिंधू बसली. रडली नाही, वहीत बघत राहिली. शालिग्राम छडी हातात घेऊन उभा होता. त्याला तुळशीरामचा राग आणायचा होता आणि तो येत नव्हता. शेषरावांचा येत होता, अर्जुनरावांचा येत होता, सोमवारी घागरी घेऊन मागं उभ्या राहिलेल्या एकेका बाईचा येत होता. तुळशीरामचा येत नव्हता. तीन वर्षं तो हीच जादू पोरांना दाखवत आला होता. टाळ्या घेतल्या होत्या. आणि फळ्यावर लिहायची वेळ आली तेव्हा बायकांनी लवकर ऐकावं म्हणून त्यानं उलटं लिहिलं. लाली टिकली पाहिजे, चार-सहा तास टिकली पाहिजे, आणि लवकर गेली तर आणखी दवा टाकली पाहिजे, एवढं लिहायला दोन ओळी जास्त लागल्या असत्या. गावात त्या फळ्यावर मनापासून विश्वास ठेवणारी एकच बाई होती.

"वह्यांत जे दिसलं तेच लिहा," तो म्हणाला. "सिंधूनं सांगितलं तेही लिहा. बरोबर आहे ते."

मग तो वर्ग तसाच सोडून विहिरीवर गेला. दोन बायका पाणी ओढत होत्या. त्यानं त्यांच्या हातातून दोर घेतला आणि घागरी उपड्या केल्या.

"हे काय हो मास्तर!" एक ओरडली. "लाली गेली न् केव्हाची!"

"गेली म्हणूनच!" तो तिच्यापेक्षा मोठ्यानं ओरडला आणि सदऱ्याच्या बाहीनं फळा पुसू लागला. खडू पावसानं आणि उन्हानं लाकडात बसला होता, पूर्ण निघेना. शेवटी त्यानं फळा उचलून दगडावर आपटला.

रविवारी पंचायतीत त्यानं वह्या वाचून दाखवल्या आणि चूक आपली आहे असं उभं राहून सांगितलं. अर्जुनराव जागच्या जागी चुळबुळले.

"मास्तर, दुःखात माणूस काही बी बोलते. तुळशीरामचा इषय आपण सोडून देऊ, झालं. तुमचं नाव कशाला मधात आणता? शाळेची अब्रू जाईल."

"माझी बायको गेली आणि तुम्ही शाळेची अब्रू मोजता? विहिरीचा उपसा करा. नाल्याचं पाणी आत येतं तिथं बांध घाला. आणि लाली रात्रभर टिकेपर्यंत दवा टाका, दहा पुड्या लागल्या तरी."

"करू, करू."

"करू नाही. उद्या."

तुळशीराम दाराशी बसला होता. बैठक उठल्यावर शालिग्राम त्याच्याजवळ गेला. काय बोलावं ते त्यानं ठरवलं नव्हतं.

"तुळशीराम, माझं चुकलं."

"हाव," तुळशीराम म्हणाला. "पंधरा दिवस मले चोर म्हणले तुम्ही. माह्या पोरीले शाळेत चोराची म्हणले. अन् तुम्ही धाडच्या स्टँडवर उतरले तवा मीच आलो होतो घ्यायले. बाकी कोणाची छाती झाली नाही." त्यानं रुमाल डोक्याला बांधला. "चुकलं म्हणता. बरं. आयकलं."

आणि तो निघून गेला. शालिग्रामला वाटलं होतं, तो म्हणेल, जाऊ द्या मास्तर. तो म्हणाला नाही, आणि त्यानं म्हणायला नको होतं हेही शालिग्रामला समजत होतं.

विहिरीचा उपसा झाला. दवा टाकली, एकदा, दोनदा, पाचदा, तेव्हा कुठं लाली सकाळपर्यंत टिकली. दवाखान्याच्या माणसानं सगळ्यांना टोचलं. खालच्या आळीत त्यानंतर कोणी गेलं नाही. नवा फळा सिंधूनं लिहिला, तीन ओळींचा. कपाटाची किल्ली शालिग्रामनं परत दिली नाही आणि शेषरावांनी मागितली नाही. विमलनं कापून ठेवलेल्या हळदीच्या पट्ट्या डब्यात आहेत, त्यातल्या निम्म्या आठवीच्या पोरांनी वापरून संपवल्या.

गोजरबाई दर पंधरवड्याला भाकरीचं गाठोडं, ठेचा आणि जवसाची चटणी घेऊन येते. येताना तुळशीरामच्या घरासमोर थांबते आणि त्याच्या दारात थुंकते. तुळशीराम आत असला तरी बाहेर येत नाही. मग ती ओसरीवर बसून जावयाला जेवायला वाढते आणि म्हणते, "तुम्ही देवमाणूस म्हणून त्याले सोडलं."

शालिग्राम खाली मान घालून जेवतो. लाली गेली की पाणी शुद्ध, हे त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, हे त्यानं गोजरबाईला अजून सांगितलेलं नाही.