आकाराम पंचांची पितळी शिट्टी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी शिट्टी आहे. पोटात बुचाचा मणी आणि पाठीशी काळी दोरी, एवढाच माझा संसार. कुठल्या कारखान्यात जन्मले ते आठवत नाही. मला आवाज फुटला तो उंब्रजच्या आकाराम हवालदारांमुळे.

लढाई संपली आणि सेहेचाळीस साली ते पलटणीतून घरी आले. फुटबॉलच्या पंचाची परीक्षा ते तिथेच पास झाले होते. घरी ऊस होता, बैल होते. पण त्यांनी पंचाचाच पेशा धरला. आज कराड, उद्या मिरज, तर कधी पाचगणीच्या शाळांचे सामने. निघण्याआधी त्यांच्या पत्नी चंद्राबाई मला चिंचेने घासून लख्ख करत.

"आवं, एवढं पळून धाप न्हाई लागत?"

"लागती की. पर चेंडू नजरंआड हुऊ देत न्हाई."

एकोणपन्नास साली सांगलीच्या ढालीसाठी, म्हणजे तिथल्या स्पर्धेच्या मानाच्या बक्षिसासाठी, उंब्रजचा संघ पहिल्यांदाच अंतिम सामन्यात पोहोचला. हवालदारांचा धाकटा भाऊ नाथाजी त्याच संघात होता. नेमलेले पंच ऐनवेळी तापाने पडले. तेव्हा समोरच्या सांगली संघाचा कप्तान लालासाहेब स्वतः म्हणाला, "हवालदारांनाच उभे राहू द्या. आमची हरकत नाही."

एक-एक अशी बरोबरी होती आणि शेवटची दोन मिनिटे उरली होती. नाथाजीने कोपऱ्यातून चेंडू हाणला. गोलापुढे खेळाडूंची गर्दी होती. जाळी हलली, चेंडू आत दिसला आणि मी जोरात वाजले. गोल! उंब्रजकरांनी फेटे हवेत उडवले.

लालासाहेब धावत आला. "हवालदार, जाळी फाटलीय. चेंडू बाहेरून आत गेला."

हवालदारांनी जाऊन पाहिले. बाजूच्या जाळीला चांगले मोठे भोक होते. पण चेंडू त्यातूनच गेला का, हे त्यांनी स्वतः पाहिले नव्हते. त्यांनी भावाला बोलावले.

"नाथाजी, चेंडू कुठनं आत गेला?"

नाथाजी पायाने माती उकरू लागला.

"भाऊ न्हाई, पंच इचारतोय."

"दादा..." त्याने मान खाली घातली. "फाटक्या जाळीतनं."

खेळ पुन्हा सुरू झाला नव्हता, म्हणून निर्णय फिरवता येत होता. हवालदारांनी हात आडवा केला आणि मला पुन्हा ओठांना लावले. ती बारीकशी शिट्टी वाजवायला त्यांना केवढा श्वास घ्यावा लागला, ते मलाच ठाऊक. गोल रद्द! लगेच दगड आले. एक त्यांच्या कपाळाला लागला आणि रक्त माझ्यावर ओघळले. बाहीने कपाळ पुसून ते म्हणाले, "चला, खेळा."

जादा वेळेत सांगलीने गोल केला. उंब्रज हरले.

परतीच्या मोटारीत दोघा भावांशेजारी कुणी बसले नाही. घरी चंद्राबाई मला धुताना एवढेच म्हणाल्या, "कपाळ फुटलं, पर मान ताठ हाय न्हवं? मग जेवा."

कित्येक महिने गाव त्यांच्याशी बोलले नाही. पण तासगावपासून साताऱ्यापर्यंतचे संघ म्हणू लागले, "आकाराम पंच असतील तरच खेळतो." पुढच्या साली उंब्रजने स्वतःची ढालीची स्पर्धा ठेवली. तेव्हा त्या सामन्यात हवालदारांवर सगळ्यांत जास्त ओरडलेला गावचा अर्जुना दारात येऊन उभा राहिला.

"हवालदार, माफी मागाय आलो न्हाई. पर आमच्या ढालीला पंच तुमीच पायजे."

"बस की गड्या," हवालदार हसून म्हणाले. "च्या घे आदी."

पुढे गुडघ्यांनी दगा दिला, तेव्हा त्यांनी मला नाथाजीच्या गळ्यात घातले. "चुकीची वाजली, तर पुन्ना वाजवाय लाजू नगंस."

मित्रांनो, आता माझा मणी आक्रसलाय, आवाज घोगरा झालाय. मला घासूनपुसून ठेवा असे मी म्हणणार नाही. पण एखादा निर्णय तुमच्याविरुद्ध गेलाच, तर दगड उचलण्याआधी मैदानाच्या मध्यावर उभ्या त्या माणसाकडे एकदा बघा. दोन्ही संघांना ओरडून बळ देणारे लोक असतात. त्याच्या बाजूने ओरडणारे तिथे कुणीच नसते.