केळीची सहा खोडं

चौथीच्या वर्गात फळ्याच्या बाजूला तीन रंगीत पुठ्ठे लावलेले होते. ‘एकूण’ दिसलं की बेरीज, ‘उरले’ दिसलं की वजाबाकी, ‘प्रत्येक’ दिसलं की गुणाकार. पुठ्ठे मोहिनीने स्वतः रंगवले होते आणि तिला त्यांचा फार अभिमान होता. का नसावा? फैजपूरजवळच्या या जिल्हा परिषदेच्या शाळेत ती बदलून आली, तेव्हा शाब्दिक उदाहरण म्हटलं की निम्म्या वर्गाच्या पोटात दुखायला लागायचं. आता तीच पोरं उदाहरण पुरतं वाचून व्हायच्या आत उत्तर ठोकत होती. पुरतं वाचून व्हायच्या आत, हे मोहिनी कौतुकाने सांगायची. त्यात काही खटकण्यासारखं आहे असं ना तिला वाटलं, ना ऐकणाऱ्या कुणाला.

एकटी भूमिका तेवढी गाडी अडवायची. ती उदाहरण दोनदा वाचायची, डोळे मिटून बसायची आणि मग विचारायची, “मॅडम, टोपलीतले सगळे पेरू चांगले होते का?” नाहीतर, “मॅडम, बसमध्ये चाळीस माणसं होती म्हणता, त्यात कंडक्टर धरला का?” वर्ग खो खो हसायचा. पहिल्यांदा मोहिनीही हसली. पुढे तिला हा वेळेचा अपव्यय वाटू लागला, आणि त्याच्याही पुढे आगाऊपणा. “गोष्ट नको वाचू, शब्द पकड!” ती बजावायची. एक दिवस तर तिने पट्टी पुठ्ठ्यावर आपटून सांगितलं, “तुझ्या प्रश्नांना परीक्षेत मार्क नाहीत, भूमिका.” त्या दिवसापासून भूमिकाने प्रश्न विचारणं सोडून दिलं. चला, सुटले एकदाची, असं मोहिनीला वाटलं. हो, असंच वाटलं, आणि त्या संध्याकाळी ती चांगली गुणगुणत घरी गेली होती.

मग शिक्षण परिषद आली. दर महिन्याला आसपासच्या शाळांचे शिक्षक एका शाळेत जमतात, कुणीतरी पाठ घेऊन दाखवतं, बाकीचे चहा पिऊन माना डोलावतात. या वेळी मान मोहिनीच्या शाळेला होता आणि पाठ मोहिनीचा. पालकांनाही बोलावलं होतं. केंद्रप्रमुख प्रेमराज सर आधीच म्हणाले होते की पाठ जमला तर तो सगळ्या तालुक्यापुढे ठेवू. मोहिनीने आठवडाभर तयारी केली. कुणाला कुठे बसवायचं तेही ठरवलं. चटपटीत हितेंद्र पहिल्या ओळीत, आणि भूमिका पार शेवटी, खिडकीच्या कोपऱ्यात.

“आज हात वर करायचा नाही, बरं का,” मोहिनी तिला म्हणाली, आणि वर तिच्या गालाला हात लावून गोड हसली. भूमिकाने मान हलवली.

पाठासाठी मोहिनीने उदाहरणही खास इथलं तयार केलं होतं. पुस्तकातली सफरचंदं आणि विमानं कशाला? आपल्या पोरांना आपली केळी! तिने फळ्यावर ठळक अक्षरात लिहिलं: ‘एका शेतकऱ्याने केळीची ६ खोडे लावली. प्रत्येक खोडाला दरवर्षी १ घड लागतो. तर ४ वर्षांत किती घड मिळतील?’

खडू खाली ठेवायच्या आत हितेंद्र उठला. “चोवीस!”

“कसे काढले?”

“‘प्रत्येक’ दिसलं, मॅडम. गुणलं.”

टाळ्या पडल्या. शिक्षकांनी वाजवल्या, मागे सतरंजीवर बसलेल्या आया-आज्यांनी वाजवल्या. प्रेमराज सर दोंडाईचाकडचे, कापसाच्या मुलखातले. त्यांना केळी माहीत ती पिकून पिवळी झाल्यावरची. खूश झाले की ते थेट गावच्या बोलीवर यायचे. “बठ्ठा पोरे हुशार शेतस! सगळीच्या सगळी!” ते म्हणाले, आणि त्यांची नजर फिरत फिरत खिडकीपाशी गेली. “ती पोरगी का गप्प? तुझं उत्तर काय गं, बाळ?”

“सर, ती जरा कच्ची आहे गणितात,” मोहिनी घाईने बोलून गेली. भरल्या वर्गात, मागे बसलेल्या भूमिकाच्या आजीच्या देखत.

भूमिका उभी राहिली. फळ्याकडे पाहत हळूच म्हणाली, “सहा. पण बुडाशी फुटलेलं पील राखलं असलं तर...”

“भूमिका, ‘प्रत्येक’ दिसत नाही का तुला? मुलांनो, ‘प्रत्येक’ दिसलं की काय करायचं?”

“गु-णा-का-र!” वर्ग एका सुरात ओरडला. भूमिका खाली बसली. पुढचं उदाहरण फळ्यावर आलं, पाठ छान रंगला, आणि मोहिनीचे पाय काही जमिनीवर राहिले नाहीत.

चहाच्या वेळी बेबाबाई, म्हणजे भूमिकाची आजी, पदर सावरत मोहिनीपाशी आली. मोहिनीच्या एका बाजूला प्रेमराज सर उभे होते, तालुक्याच्या कार्यक्रमाची तारीख सांगत.

“बाई, पोरीवर रागावू नका बरं,” बेबाबाई हात जोडून म्हणाली. “तिले समजत नाही अजून. आमच्या वावरातली केय एकदाच घड देते, मंग ते खोड कापाच लागते. खाली पील फुटते, त्याले पुढच्या साली घड. तेच बोलली ते येडी. पुस्तकातली देत असंन दरसाल. मी घरी सांगते तिले, शायेत शायेसारखं बोलत जाय.”

मोहिनीने हातातली कपबशी खाली ठेवली. केळीचं खोड एकदाच देतं! हे तिला माहीत नव्हतं असं थोडंच होतं? ती जन्मली केळीत, वाढली केळीत. वर्गातल्या एकूण एक पोराच्या घरी केळी होती. हितेंद्रचा बाप तर नावाजलेला केळीवाला. निम्मे शिक्षक सकाळी बागेला पाणी सोडून शाळेत आले होते. आणि या सगळ्यांनी मिळून सहा खोडांचे चोवीस घड काढले होते आणि वर टाळ्या पिटल्या होत्या. एका पोरीने खरं सांगितलं, तर तिचीच आजी येऊन माफी मागत होती.

चूक माझी आहे, आजी. एवढं म्हणायला कितीसा वेळ लागला असता? पण प्रेमराज सर शेजारी उभे होते, कौतुक करत होते. मोहिनी म्हणाली, “असू द्या हो आजी. होतं असं. शिकेल हळूहळू.”

बेबाबाईच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं हसू आलं. त्या हसण्याने मोहिनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी जाताना तिने मनातल्या मनात स्वतःची वकिली करून पाहिली. गणितात दिलेलं मानून चालायचं असतं. उदाहरण म्हणजे काही शेतीचा धडा नाही. हितेंद्रचं उत्तर दिलेल्या माहितीवरून बरोबरच होतं. सगळं पटण्यासारखं होतं, फक्त तिलाच पटत नव्हतं. कारण आपण मानून चाललो नव्हतो, आपल्या ध्यानातच आलं नव्हतं, हे तिला पक्कं माहीत होतं. शाळेच्या फाटकातून आत शिरताना पोरांनी चपला बाहेर काढाव्यात तसं वावर बाहेर ठेवायला तिने शिकवलं होतं, आणि स्वतःचं तर तिने कधीच ठेवून दिलं होतं.

वाटेत तिच्या वडिलांचं शेत लागायचं. तिने स्कूटी थांबवली. कापणी नुकतीच झाली होती. घड गाडीत भरून गेले होते आणि छाटलेली खोडं सरीत आडवी पडली होती. जीवरामआबा बांधावर बसले होते.

“काय व, आज मधीच कशी उतरली?” त्यांनी विचारलं.

मोहिनी पडलेल्या खोडांकडे पाहत राहिली. आबा हसले. “लहानपणी तू हे पाहून रडे. ‘आबा, याले पुन्हा घड येणार नाही का? मंग याचं काय करता?’ असं विचारू विचारू माह्यं डोकं खाये.”

“तुम्ही रागवायचे का मला?”

“रागवू कसाले? पोरगी विचारे, मी सांगे.”

आबांना सगळं सांगायचं तिच्या अगदी ओठावर आलं होतं. पण लाज अशी वाटली की पाणीही न पिता ती निघाली.

दुसऱ्या दिवशी परिपाठ झाल्याबरोबर तिने तेच उदाहरण पुन्हा फळ्यावर लिहिलं. पोरांनी सवयीने माना पुठ्ठ्यांकडे वळवल्या.

“कालचं उत्तर खोडून टाका,” ती म्हणाली. “चोवीस नाही. सहा.”

सगळ्यांनी खोडरबर काढले. खसखस आवाज झाला आणि बघता बघता सगळ्या वह्यांत चोवीसचे सहा झाले. हितेंद्रने तर उत्तराखाली दोन रेघाही मारल्या. का, म्हणून कुणी विचारलं नाही. मोहिनी वाट पाहत उभी राहिली, पण एकाही तोंडातून प्रश्न आला नाही. पोरं पुढच्या उदाहरणासाठी तयार होऊन बसली होती. ही आपलीच करणी, तिला वाटलं.

ती खिडकीपाशी गेली. “भूमिका, सहाच का? तू सांग सगळ्यांना.”

भूमिका उठली. तिने आधी पुठ्ठ्यांकडे पाहिलं, मग मोहिनीकडे. “चोवीस, मॅडम,” ती म्हणाली. “‘प्रत्येक’ दिसलं. गुणलं.”

“अगं, काल तू सहा म्हणालीस ना?”

“चुकले होते, मॅडम. आजीने सांगितलं, शाळेतली केळी वेगळी असते.”

कुणी हसलं नाही. मोहिनीला तिच्यासमोर उभं राहवेना. ती तिथेच भूमिकाच्या बस्करपट्टीवर मांडी घालून बसली.

“शाळेतली केळी वेगळी नसते,” ती म्हणाली. आवाज सगळ्या वर्गाला जाईल असा तिने ठेवला. “माझ्या आबांच्या शेतात केळी आहे. ते खोडही एकदाच घड देतं, मग कापावं लागतं. पील राखलं तर पुढचा घड पिलाला, त्या खोडाला नाही. तू बरोबर होतीस, भूमिका. मी चुकले. आणि चुकले ते चुकले, तुलाच सगळ्यांपुढे कच्ची म्हणाले.”

भूमिकाने डोळे मिटले, जसे ती पूर्वी उदाहरण वाचल्यावर मिटायची. मग उघडले.

“तुम्हाला माहीत होतं, मॅडम,” तिने विचारलं, “तर मग तुम्ही तसं का लिहिलं?”

कितीतरी दिवसांनी तिने प्रश्न विचारला होता. सगळा वर्ग वळून उत्तराची वाट पाहू लागला.