आता माझी घडी होत नाही

मित्रांनो, मी एक लोखंडी खाट आहे. वयाने जुनी, वजनाने जड आणि कमरेत दोन बिजागऱ्या असलेली. घडी घालून दाराआड उभी केली की या घरात खाट आहे हे पाहुण्यांना कळतही नसे. माझ्यासारख्या खाटांचं कौतुक होतं ते यासाठीच. माझंही पुष्कळ झालं. ते कसं संपलं, हे आज मी तुम्हाला सांगणार आहे. ते संपल्याचं मला जराही दुःख नाही, हे आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म हडपसरला, रस्त्याकडेच्या एका वेल्डिंगच्या दुकानात झाला. गेनबा नावाच्या कारागिराने पाइप कापले, वाकवले, जोडले. मग हिरवा रंग दिला आणि निळ्या नायलॉनच्या पट्ट्या ताणून विणल्या. मला न्यायला आलेले गृहस्थ सारखं विचारत होते, "टिकेल ना नक्की?" गेनबा हातातला ब्रश खाली न ठेवता म्हणाला, "हिच्यावर धा पोरं नाचली तरी काय व्हायचं न्हाई सायेब." ते गृहस्थ म्हणजे दीनानाथराव. एका सहकारी बँकेत कारकून होते. बिबवेवाडीत त्यांचा दोन बेडरूमचा फ्लॅट होता आणि घरात पत्नी श्यामलाताई, मुलगा केदार आणि मुलगी वल्लरी. मला आणलं होतं ते पाहुण्यांसाठी. वर्षातून चार-दोन वेळा उघडायची, बाकी दाराआड. माझी काही तक्रार नव्हती.

केदारचं लग्न ठरलं तेव्हा माझे दिवस पालटले. तोवर आतली लहान खोली वल्लरीची होती आणि केदार हॉलमधल्या दिवाणावर झोपत असे. एका दुपारी शिलाई मशीनवर साडीला फॉल लावता लावता श्यामलाताई म्हणाल्या, "वल्लरी, आतली खोली आता केदार-चैतालीला द्यावी लागेल गं."

"आणि मी?"

"तुझं काय, तू आज ना उद्या जाणारच."

त्या हे वाईट मनाने बोलल्या नाहीत. मशीनही थांबलं नाही. दिवाण विकला आणि त्या जागी नव्या सुनेसाठी सोफा आला. वल्लरीच्या वाट्याला मी आले.

वल्लरी दातांच्या लॅबमध्ये काम करते, हडपसरलाच. दातांचे डॉक्टर माप पाठवतात आणि ती त्यावरून कवळ्या, दात आणि दोन दातांना जोडणारे पूल तयार करते. दीनानाथरावांची खालची कवळी तिनेच बनवलेली आहे. निवृत्त झाल्यावर ते मोठ्या अभिमानाने ती लोकांना दाखवायचे, म्हणजे हसून दाखवायचे. दिवसभर बारीक काम करून मुलगी थकून यायची. पण सोफ्यावरची मंडळी उठून टीव्ही बंद झाल्याशिवाय मला उघडता येत नसे. सकाळी दीनानाथरावांना हॉलमध्ये पेपर आणि चहा लागायचा. त्यामुळे ती डोळे चोळत उठायची, अंथरूण गुंडाळायची आणि मला दाराआड उभी करायची. तिचे कपडे आईच्या कपाटात असायचे, पुस्तकं फ्रिजवर. फोनवर बोलायचं असलं तर ती जिन्यात जाऊन बसायची. घरात तिचं प्रेमाने सगळं होत होतं. आवडीची भाजी व्हायची, उशीर झाला तर ताट झाकून ठेवलेलं असायचं. जागा तेवढी नव्हती. सकाळ झाली की माझ्याबरोबर तिचीही घडी व्हायची.

मग स्थळं यायला लागली. वाघोलीहून एक मुलगा आईवडिलांसोबत आला. पोहे झाले, चहा झाला, आणि "दोघांना जरा बोलू द्या" म्हणून त्यांना आतल्या खोलीत पाठवलं. ती मंडळी गेल्यावर वल्लरी सोफ्यावर बसली आणि शांतपणे म्हणाली, "मी भाड्याने खोली बघतेय."

दीनानाथरावांना वाटलं, लग्नानंतरचं काही ठरलं. "म्हणजे मुलगा पसंत आहे?"

"मुलगा बरा होता. आत गेल्यावर म्हणाला, छान आहे तुझी रूम. मी म्हटलं, ही दादा-वहिनीची आहे. तो म्हणाला, मग तुझी कुठली? मला काही सांगता येईना, बाबा. समोर भिंतीवर यांच्या लग्नाचा फोटो."

चैताली खाली बघू लागली. दीनानाथराव म्हणाले, "एवढ्यासाठी घर सोडतात? लग्न नाही, बदली नाही, भांडण नाही. लोकांना कारण काय सांगायचं?"

"कारण काही नाही. मला एक दार हवंय. आतून लावता येईल असं."

"आणि जाणार कुठे?"

"मागच्या गल्लीत. भाजी मार्केटच्या पलीकडे."

हे मात्र त्यांना फार लागलं. मुलगी बंगळूरला गेली असती तर त्यांनी पेढे वाटले असते. नोकरीच्या जवळ म्हणून हडपसरला गेली असती तरी एक वेळ चाललं असतं. पण आईबापांचं घर चालत गाठता येईल इतकं जवळ असताना मुलीने वेगळं राहायचं, हे त्यांच्या कुठल्याच खात्यात बसेना. "इथे कुणी तुला हाकलून दिलं?" त्यांनी विचारलं.

"कुणीच नाही. म्हणूनच मी लांब जात नाहीये."

खोली मिळणं सोपं नव्हतं. एकीकडे घरमालकाने विचारलं, आईवडील याच शहरात आहेत तर मग मुलीचं काय बिनसलंय? दुसऱ्याने वडिलांना घेऊन ये म्हटलं. अखेर विजयमालाबाई नावाच्या घरमालकिणीने होकार दिला. त्या पहिल्या मजल्यावर एकट्या राहतात, खोली त्यांच्या वर, आणि त्यांचा स्वभाव कडक आहे. त्यांनी एवढंच विचारलं, "नळ नीट बंद करतेस का?"

दीनानाथराव बँकेतल्या मित्रांकडे गेलेले असताना टेम्पो आला. दोन बॅगा, पुस्तकांचं एक खोकं, वल्लरीची कामाची हत्यारं. श्यामलाताईंनी दार धरून सगळं पाहिलं. शेवटी त्यांनी मला दाराआडून बाहेर ओढलं. "ही पण ने. फरशीवर झोपू नकोस." मी त्या घरातून निघाले ती अशी. खरं सांगते, मागे वळून पाहावंसं मला वाटलं नाही.

नव्या खोलीत वल्लरीने मला खिडकीपाशी उघडलं. सकाळ झाली, ती उठली, आंघोळ करून कामाला निघून गेली, आणि मी तशीच पसरलेली राहिले. माझ्या पट्ट्यांवर ऊन आलं. संध्याकाळी ती आली, चपला काढल्या आणि सरळ माझ्यावर आडवी झाली. कुणाला उठायला सांगावं लागलं नाही. मित्रांनो, आळशीपणाला चांगलं म्हणू नये असं तुम्हाला शिकवतात. मी म्हणते, त्या संध्याकाळी आम्ही दोघी आळशी होतो आणि ते फार चांगलं होतं.

दीनानाथरावांनी तिच्याशी बोलणं सोडलं. श्यामलाताई भाजीच्या निमित्ताने येऊ लागल्या. पहिल्यांदा त्या माझ्या काठावर बसल्या, पर्स मांडीवर धरून, परक्या घरात बसावं तशा. पुढच्या वेळी येताना त्यांनी खिडकीसाठी पडदा शिवून आणला. आणि मग एका दुपारी त्या माझ्यावर लवंडल्या आणि चक्क झोपल्या. उठल्यावर म्हणाल्या, "घरी सांगू नकोस गं." त्यांच्याकडूनच कळलं की दीनानाथराव सोसायटीत सांगतात, वल्लरी नोकरीसाठी नाशिकला असते.

असे बरेच महिने गेले. एका रविवारी जिन्यात पावलं वाजली. खालून विजयमालाबाईंचा आवाज आला, "वर डोकं सांभाळा. छत बुटकं आहे, तुम्ही उंच दिसता." दारात दीनानाथराव उभे होते आणि मागे केदार.

"चैतालीचं डोहाळजेवण आहे," दीनानाथराव उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले. "तिच्या माहेरची मंडळी राहायला येतील. खाट लागेल. खाली टेम्पो उभा आहे."

वल्लरीने आधी त्यांच्याकडे, मग केदारकडे पाहिलं. केदार पुटपुटला, "मी म्हटलं होतं दुसरी आणू."

डाव मला समजला आणि तिलाही समजला. खाट गेली की मुलगी किती दिवस फरशीवर झोपेल? येईल मुकाट्याने परत. ती म्हणाली, "न्या. आत तरी या."

दीनानाथराव आत आले. त्यांनी खोली पहिल्यांदाच पाहिली. टेबल, त्यावर प्लॅस्टरचे दातांचे साचे, फळीवर पुस्तकं. नजर पडद्यावर थांबली. ते कापड त्यांच्या ओळखीचं होतं.

"हा पडदा कुणी शिवला?"

"आईने."

"कधी?"

केदारने घाईघाईने माझ्यावरची गादी उचलली आणि घडी घालायला मला मधोमध धरलं. मी हलले नाही. त्याने जोर लावला. दीनानाथरावांनी दुसरी बाजू धरली आणि दोघांनी मिळून दाबलं. इतके महिने माझी घडी घातलीच गेली नव्हती आणि बिजागऱ्या गंजून घट्ट बसल्या होत्या. लोखंडाला गंज चढतो, त्यात मोठेपणा काही नाही, हे मला मान्य आहे. पण माझी तेव्हा वाकायची इच्छाही नव्हती, हे कुणी लिहून ठेवणार नाही म्हणून मीच सांगते.

"जाम झालीये," केदार म्हणाला. "तेल आणतो." तो खाली गेला.

खोलीत दोघंच उरली. दीनानाथराव घाम पुसत माझ्यावर बसले. "घराचं वाटोळं करायचं ठरवलंयस तू," ते म्हणाले. पण शब्द नीट उमटले नाहीत, एका बाजूने सांडल्यासारखे झाले. वल्लरीने त्यांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं.

"बाबा, खालची कवळी टोचतेय ना?"

"काही नाही टोचत."

"डावीकडे. म्हणून तुम्ही जबडा असा धरताय. काढा बघू."

मग त्यांनी पाठ वळवून कवळी काढली आणि तिच्या तळहातावर ठेवली. तोंडावर रुमाल धरला. दात नसताना ते कुणासमोर, अगदी श्यामलाताईंसमोरही, बोलत नसत. वल्लरीने कवळी धुतली, टेबलाशी बसून दिवा लावला आणि घासायचं लहान मशीन हातात घेतलं. तिची पाठ त्यांच्याकडे होती. थोडं घासायची, थांबायची आणि बोलायची.

"सोसायटीतल्या हेमाकाकू परवा भाजीला भेटल्या. म्हणाल्या, नाशिकहून कधी आलीस? मी म्हटलं, मी गेलेच नव्हते." मशीन चाललं आणि थांबलं. "दादा लग्न होऊन तुमच्याजवळ राहतो, तर तो चांगला मुलगा. आहेच तो चांगला. पण मी मागच्या गल्लीत राहते म्हणून मी वाईट कशी? या खिडकीतून तुमच्या बाल्कनीतले वाळत घातलेले कपडे दिसतात, बाबा. तुमचा निळा शर्ट महिनाभर दिसला नाही तेव्हा मी आईला विचारलं होतं, बाबा बरे आहेत ना म्हणून."

रुमालामागे काही हालचाल झाली.

"मी रागावून गेले नाही. मी परत येणार नाही, तेही रागाने नाही म्हणत. खाट हवी तर न्या, मी दुसरी आणीन. फक्त मला नाशिकला पाठवू नका. मी इथे आहे, इथे आहे असंच सांगा."

तिने कवळीवरून बोट फिरवलं, पुन्हा धुतली आणि त्यांना दिली. "लावा. दात चावून बघा."

त्यांनी लावली. जबडा इकडेतिकडे हलवून पाहिला. एवढ्यात केदार तेलाची बाटली घेऊन वर आला.

दीनानाथराव उभे राहिले. "टेम्पोवाल्याला जायला सांग," ते केदारला म्हणाले. "पाहुण्यांसाठी दुसरी खाट बघू. ही इथेच राहू दे." दारापाशी ते थांबले. "तुमच्या जिन्यात दिवा नाही. मालकिणीला सांग. आणि ऐकलं नाही तर मला सांग."

वल्लरी हो म्हणाली. ते गेल्यावर ती माझ्यावर बसली आणि पुष्कळ रडली. ते दुःखाचं रडणं नव्हतं. मी खाट आहे, मला फरक कळतो.

दीनानाथराव लगेच बदलले असं समजू नका. त्यांना तिचं वेगळं राहणं आजही पटत नाही आणि ते तसं स्पष्ट सांगतात. ती डोहाळजेवणाला गेली, जेवली, पंगतीत वाढायला उभी राहिली आणि रात्री आपल्या खोलीत परतली. तेव्हाही ते कुरकुरले. पण परवा श्यामलाताई हसत हसत आल्या. हेमाकाकूंनी सगळ्यांसमोर विचारलं होतं, वल्लरी नाशिकलाच का अजून? "तर हे म्हणाले, नाही, मागच्या गल्लीत असते. हेमाताई म्हणाल्या, अहो, एकटी? तर म्हणाले, हो, एकटी. आपण केव्हा येताय बघायला?"

मित्रांनो, आपली गोष्ट सांगून झाली की आम्हा वस्तूंनी हात जोडायचे आणि आम्हाला जपा म्हणायचं, अशी रीत आहे. मी हात जोडणार नाही. मला रंग देऊ नका, माझ्याबद्दल हळहळू नका. तुमच्या घरातली ताई, दादा, आत्या, कुणी तरी एक दिवस म्हणेल की मला वेगळं राहायचंय. तेव्हा भांडू नका असं मी सांगत नाही. मनात असेल तर भांडा. पण भांडून झालं की खाटेचं एक टोक उचलायला पुढे व्हा. जिने अरुंद असतात आणि एकट्याने खाट वर चढवता येत नाही.