माझ्या अंगावर वळ उठले नाहीत

मी स्टेनलेस स्टीलची वीतभर पट्टी बोलतेय. सध्या माझा मुक्काम एका जेवणाच्या टेबलाच्या लंगड्या पायाखाली आहे. इथून जग फारसं दिसत नाही, चपला मात्र भरपूर दिसतात.

माझा जन्म पत्र्याच्या कारखान्यातला. आमची जात स्वस्तातली. लोहचुंबक चटकन चिकटतो. लाटून लाटून आम्हाला गुळगुळीत करतात आणि माणसं त्याला भुलतात. खरी गोम पुढे कळते. भांडं करायला साच्यात ओढलं, की आमच्या अंगावर वळ उठतात, ज्या दिशेने लाटलं त्याच दिशेने. ते घासून काढता काढता पॉलिशवाल्यांचे खांदे कामातून जातात.

यावर प्रयोगशाळेतल्या बाईंनी उपाय शोधला होता. पत्रा अर्धा लाटून थांबायचं, भट्टीत एकदा तापवायचा, मग उरलेला लाटायचा. त्याने पोलादाचे आतले कण नव्याने घडतात, वळ कमी उठतात. कारखान्याच्या साहेबांना मात्र त्यात फक्त जळण दिसायचं.

"बाई, अर्ध्या वाटेत शेकोटी कशाला?"

"घासणाऱ्यांच्या खांद्यांसाठी."

"मग सिद्ध करून दाखवा. नाहीतर ती भट्टी बंद."

बाईंनी कातर चालवणाऱ्या काकांना सांगितलं, "एक पट्टी मध्ये तापवलेल्या पत्र्याची, एक न तापवलेल्याची. दोन्ही लाटण्याच्या दिशेने कापा हं."

"बाई, हे केस काय उगाच पांढरे झालेत?"

न तापवलेल्या पत्र्याचा एकच तुकडा उरला होता, आखूड आणि रुंद. लाटण्याच्या दिशेने उभी पट्टी त्यात बसेना. नवा पत्रा कापायचं काकांच्या जिवावर आलं. "पत्रा तो पत्रा, उभा काय नि आडवा काय," असं पुटपुटत त्यांनी मला आडवी कापली. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. होती ती काटकसर. आणि तिच्यापुढे भल्याभल्यांचं शास्त्र चालत नाही.

यंत्राने मला दोन्ही टोकांना धरून ताणलं. पण आडव्या अंगाने ताणल्यावर वळ उठतात ते नावापुरते. शेजारी तापवलेल्या पत्र्याची माझी बहीण, तीही गुळगुळीत.

"बघा, दोघी सारख्याच!" साहेब खूश झाले. "तापवून काय मिळवलंत?"

बाईंनी मला खिडकीशी नेलं, बोट फिरवलं. मला ओरडावंसं वाटलं, पण पोलादाला तोंड नसतं. काकांवर त्यांचा पुरता विश्वास होता. "मीच चुकले असेन," एवढंच त्या म्हणाल्या.

भट्टी मोडीत निघाली. बाईंनी नोकरी सोडली आणि येताना मला पर्समध्ये टाकलं; घरी मी या डुलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली गेले. पुढे कुणाकडे गेल्या की त्या स्टीलच्या झाकणांवर बोट फिरवत बसत. "वन्सं, झाकण घासलेलं आहे हो," भावजय टोमणा मारी. बोटाला वळ लागत; पण बाईंचा आता स्वतःच्या बोटावरही भरवसा उरला नव्हता.

परवा त्यांच्या यजमानांनी टेबल सरकवलं. बाईंनी मला उचललं, पदराने पुसलं आणि उन्हात तिरकं धरलं. लाटण्याच्या बारीक रेघा माझ्या लांबीला आडव्या जात होत्या.

"अहो, ही आडवी कापलीय."

"म्हणजे?"

"म्हणजे मी चुकले नव्हते."

"मग फोन कर साहेबांना!"

"आणि काय सांगू? भट्टीच्या जागी आता स्कूटरी लावतात."

यजमानांनी मला हातात घेतलं आणि विचारलं, "आता उभी ठेवू की आडवी?"

बाई हसल्या. हसता हसता त्यांनी डोळे पुसले.

वाचकहो, माझ्यासारखी गुळगुळीत साक्ष पुढे आली, तर निकाल देण्याआधी एवढंच विचारा: तुला कुठल्या बाजूने कापलं होतं? मला तेव्हा कुणी विचारलं नाही.

टेबल आता डुलत नाही. निदान या कामात मी उभी की आडवी, याने काही बिघडत नाही.