शेवटी गळणारा तुकडा

दादाच्या साबणाच्या कारखान्यातली प्रयोगशाळा धाकटी बहीण सांभाळायची. रक्ताचे डाग काढणारं, म्हणजे प्रथिनं कापणारं एन्झाइम ती जिवाणूंकडून बनवून घेई. ते बनताना त्याच्या पुढे एक जास्तीचा तुकडा असतो. एन्झाइमला नीट आकार आला, की ते स्वतःच तो कापून टाकतं.

"जे शेवटी गळणारच, ते बनवायचं कशाला?" म्हणत दादाने तिला न विचारता बाहेरून बिनतुकड्याचे जिवाणू बनवून आणले. टाकीत नुसता पांढरा गाळ निघाला.

"तुझंच काहीतरी चुकतंय," दादा म्हणाला.

"त्या तुकड्याला धरूनच एन्झाइमची घडी बसते, दादा; तो नसला की त्याचा असा गाळ होतो. तो परत हवा."

"त्याचं नावसुद्धा काढायचं नाही."

"बरं, नाव नाही काढत," ती म्हणाली आणि कामाला लागली. तिने गाळ विरघळवला, तो तुकडा वेगळा बनवून त्यात मिसळला आणि घडी बसायला वेळ दिला. मग दुधाचा थर दिलेल्या बशीत त्याचा एक थेंब टाकला, शेजारी बिनतुकड्याचा दुसरा.

सकाळी दुसऱ्या थेंबाखाली दूध तसंच पांढरं होतं. पहिल्याभोवती मात्र दुधातली प्रथिनं कापली जाऊन स्वच्छ, आरपार दिसणारं वर्तुळ पडलं होतं.

दादाने बशी उजेडात धरली. "मी नको म्हटलं होतं."

"हो. आणि मी ऐकलं नाही. पुढेही ऐकणार नाही."

दादाने बशी खाली ठेवली. "जुने जिवाणू ठेवलेत का?"

"कालच टाकीत सोडले."