सत्त्याऐंशी खुणा

लग्नाच्या फिल्ममध्ये कोण राहून गेलं यावरून घरं फुटतात, हे मिरजोळ्यात एडिटिंगचं दुकान थाटल्यापासून मी सहा वर्षं बघते आहे. त्यामुळे सम्यकच्या लग्नाचं फुटेज घेऊन त्याची आत्या मंडणगडहून स्वतः आली, तेव्हा मला बरंच वाटलं. नंदाबाई शाळेतून निवृत्त झालेल्या. सलग दोन दुपारी माझ्या शेजारी बसून त्यांनी साडेचार तासांच्या फुटेजची हजेरी घेतली.

"थांब गो मनाली. ही हौसा. मोठ्या पुतण्याच्या फिल्ममध्ये ही राहिली, तर तीन वर्षं आमच्या दारात आली नाय. लिही हिला."

मी क्लिपवर मार्कर टाकायची, म्हणजे त्या क्षणावर एक रंगीत खूण, आणि बाई सांगतील ते तिच्यात लिहायची. 'हौसा वहिनी, नवी साडी, पदरासकट.' 'काशीरामकाका, जेवताना नकोत, उभे असताना.' 'बोरिवलीचे पाहुणे, चौघेही. तिघे चालणार नाहीत.' अशा सत्त्याऐंशी खुणा झाल्या. रविवारी गावच्या विहारात सगळ्यांसमोर फिल्म दाखवायची होती. "एक माणूस जरी सुटला ना, तर मला गावात तोंड दाखवायला जागा नाय," असं बजावून बाई एसटीने परत गेल्या. शनिवारी चार वाजता त्या फिल्म तपासायला येणार होत्या.

गुरुवारी सकाळी मला टापटिपीची हुक्की आली. क्लिप इकडेतिकडे विस्कटल्या होत्या. मी प्रोजेक्टमधून सगळ्या काढून टाकल्या, नव्या डिस्कवर नीट लावल्या, परत आत घेतल्या आणि मोठ्या शहाणपणाने सेव्ह केलं. दुपारी कापायला बसले, पहिली क्लिप उघडली, तर खूण नाही. दुसरीत नाही. दहावीतही नाही. मार्कर क्लिपला चिकटलेला असतो. प्रोजेक्टमधून क्लिप काढली की तोही गेला. हे मी दुसऱ्यांना फी घेऊन शिकवते. स्वतःला दोन शिव्या घातल्या, मोठ्याने. बाईंना फोन करून "परत सगळं सांगा" म्हणायची माझी छाती नव्हती.

मग आठवलं. सॉफ्टवेअर दर पंधरा मिनिटांनी प्रोजेक्टची एक प्रत गुपचूप बाजूला ठेवतं. पण ठेवतं फक्त शेवटच्या वीस; नवी आली की सर्वांत जुनी पुसली जाते. आणि मी सकाळपासून चार तास तिथेच बसले होते! आधी सॉफ्टवेअर बंद केलं, मग घाबरत घाबरत ते फोल्डर उघडलं. आजच्या सोळा प्रती होत्या आणि कालच्या चार. अजून तासभर बसले असते तर कालची एकही उरली नसती.

कालची शेवटची प्रत डेस्कटॉपवर उतरवून घेतली आणि तिच्यातल्या क्लिप नव्या प्रोजेक्टमध्ये आणल्या. पहिली उघडली. 'हौसा वहिनी, नवी साडी, पदरासकट.' हौसा वहिनींना बघून इतका आनंद त्यांच्या माहेरीही कुणाला झाला नसेल. मी उठून शेजारच्या गॅरेजवाल्यांना चहा पाजला. कशाबद्दल, ते त्यांनी विचारलं नाही.

आता विषाची परीक्षा नको म्हणून खुणांची वेगळी फाइल काढली, दोन ठिकाणी ठेवली, वर कागदावर छापली. कागदावर सत्त्याऐंशीच्या सत्त्याऐंशी ओळी हजर होत्या. पेन्सिल घेऊन वाचत गेले आणि शेवटच्या ओळीला थांबले. पुन्हा वरून वाचलं. यादीत नंदाबाईच नव्हत्या.

मला त्यांचा रागच आला. फुटेज पुन्हा बघितलं. बाई अकरा ठिकाणी दिसल्या आणि अकराही ठिकाणी कुणावर तरी ओरडत होत्या: आचाऱ्यावर, मांडववाल्यावर, एकदा तर थेट कॅमेऱ्यावर. मग बेंजोच्या क्लिपच्या पार शेपटाला, कॅमेरावाला बंद करायला विसरला होता तिथे, पाण्याच्या पिंपामागे त्या सापडल्या. चपला हातात, डोळे मिटलेले, एकट्याच, आणि काय नाचत होत्या! मी तिथे अठ्ठ्याऐंशीवी खूण टाकली. 'नंदाबाई, पूर्ण.'

शनिवारी चारला बाई हजर. यादी मांडीवर घेऊन एकेका नावावर टिक करत त्या फिल्म बघत होत्या. पिंपामागचा नाच आला आणि त्यांचं पेन थांबलं.

"हे कुणी घालायला सांगितलं?"

"कुणी नाही. मीच घातलं."

"काढ ते."

मी माउसला हात घातला.

"थांब गो. काढायच्या आधी एकदा परत लाव."

मी लावलं. मग आणखी एकदा. चौथ्या वेळी त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला, यादीच्या तळाशी ठसठशीत अक्षरात स्वतःचं नाव लिहिलं, आडनावासकट, आणि त्याच्यापुढे टिक केली.

"हां," त्या म्हणाल्या, "आता पुढचं दाखव."