ढगोबा मेलाय, मी सांगतो ना!

मी नववा भाग बोलतोय. 'कृष्णगिरीची गादी' या कादंबरीमालेचा नववा भाग. जाडी बघा, वजन बघा. उशाला घेतलं तर मान आखडेल. माझ्याआधीच्या आठ भावांना लोकांनी वाचून वाचून खिळखिळं केलं. त्यातला आठवा तर असा आगाऊ, की शेवटच्या पानावर ढगोबाच्या पंखात बाण मारून खुशाल संपला. पुढचं निस्तरायला मी!

ढगोबा म्हणजे राणीचा उडणारा रेडा. म्हातारा, गुडघेदुखीनं बेजार, पण हाक मारली की हजर. हिंदी मुलुखात, तेलीबांध्याला राहणाऱ्या पांडुरंगरावांचा त्याच्यावर भारी जीव. रेल्वेत गार्ड होते. गुडघे त्यांचेही गेलेले. त्यांना आणि त्यांची सून गंधाली हिला या मालेचं सारखंच वेड. एरवी सासरा-सुनेचं बोलणं 'चहा ठेवू?' आणि 'ठेव' याच्यापुढे जात नसे. पण ढगोबाचा विषय निघाला की दोघं जेवण गार होईपर्यंत भांडत. आठवा भाग वाचल्यापासून दोघांना एकच घोर: ढगोबा वाचला की गेला?

आणि माझं नशीब पाहा. मी घरात आलो त्याच दिवशी पांडुरंगरावांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, वाचायचं नाही, डोळ्यांना ताण द्यायचा नाही आणि मुख्य म्हणजे रडायचं नाही.

"म्हणजे मी याले नुसतं कुरवाळत बसू काय?" मला मांडीवर घेऊन त्यांनी विचारलं.

"मी वाचून दाखवते ना, बाबा," गंधाली म्हणाली. "शप्पथ, एकटी पुढे नाही वाचणार."

शपथ दुसऱ्याच सकाळी मोडली. वरणाला फोडणी देता देता तिनं मला ओट्यावर उघडलं. माझ्या तिसऱ्या प्रकरणावरचा हा हळदीचा डाग तेव्हाचा. फोडणी करपून धूर झाला तरी बाई हलली नाही, कारण त्या प्रकरणात ढगोबा मरतो. काय मरतो म्हणून सांगू! राणीच्या मांडीवर डोकं, आभाळातून फुलं, अडीच पानं नुसता हुंदका. माझ्यातला सगळ्यात देखणा भाग तो. दुसरं कोणी सांगत नाही म्हणून मीच सांगतो.

संध्याकाळी बाल्कनीत वाचन सुरू झालं. पांडुरंगराव काळा चष्मा लावून, कान टवकारून बसले. गंधाली त्या पानावर आली आणि अडली. तिनं सासऱ्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, "तेवढ्यात... ढगोबानं एक डोळा उघडला."

अहो, काय उघडला! चांगला मेलाय तो! मी सांगतो ना!

"मले मालूम होतं!" म्हातारबुवांनी खुर्चीवर हात आपटला. "असा कसा मरते तो!" त्या दिवशी ते दोन पोळ्या जास्त जेवले.

माझ्यात पुढे ढगोबाच नाही, त्यामुळे गंधालीला रोज नवं रचावं लागलं. पानं मात्र वेळेवर उलटायची, लबाड! सासूबाई वनमालाबाईंनी जन्मात कधी राजा-राणीत लक्ष घातलं नव्हतं. त्याही मेथी निवडत येऊन बसायला लागल्या.

"काहून वं, त्या रेड्याले बायको नाही काय?"

झालं! दुसऱ्या दिवशी मेघाबाई नावाची उडती म्हैस अवतरली. लग्न लागलं, पंगतीत वडाभात झाला, आणि पुढे मेघाबाई रुसून माहेरीही गेली. मी एवढा कृष्णगिरीचा महाग्रंथ, आणि माझ्या छातीवर म्हशीचं माहेर!

मग पांडुरंगरावांचा नवा चष्मा आला. "आता पुन्हा पहिल्यापासून, माह्या डोळ्यानं वाचतो," म्हणत त्यांनी मला उचललं. गंधालीचा चेहरा उतरला. बाबा आता आपलं काहीच खरं मानणार नाहीत, अशी तिला भीती वाटली. तिसऱ्या प्रकरणाशी पोचताच पांडुरंगरावांनी पुढची पानं भराभर चाळली.

"अरे बाप्पा! याच्यात तर ढगोबा मेला! मेघाबाईचा पत्ताच नाही! गंधाली, तू वाचलं ते कुठं आहे वं?"

"मी... मैत्रिणीच्या कॉपीतून वाचत होते, बाबा. तिला परत दिली."

हळदीचा डाग माझ्या अंगावर, आणि वाचलं म्हणे मैत्रिणीच्या कॉपीतून!

पांडुरंगरावांनी मला उलटंसुलटं केलं, नाकाशी धरलं आणि निकाल दिला, "मंग हा डुप्लिकेट माल आहे. चल गोल बाजारात."

मी, डुप्लिकेट! स्कूटीवर पिशवीत बसून मी रस्ताभर जळत होतो. दुकानदार हिरालालनं बिचाऱ्यानं माझी जुळी भावंडं, म्हणजे नवव्या भागाच्या बाकीच्या प्रती, एकेक करून उघडली. सगळ्यांत ढगोबा मेलेला.

"पूरा लॉट खराब है, भैया!" पांडुरंगराव कडाडले.

"ठीक है बाबूजी, वापस भेज देता हूँ," हिरालाल कंटाळून म्हणाला. "लुगदी बन जाएगी."

लुगदी! म्हणजे माझा लगदा! हिरालालनं मला ओढलं, तशी गंधालीनं मला दुसऱ्या बाजूनं घट्ट धरलं.

"बाबा, पुस्तक खरं आहे. मैत्रीण-बित्रीण कोणी नाही. ढगोबा मेला. बाकीचं सगळं मीच बनवलं. तुम्हाला रडायची मनाई होती ना..."

पांडुरंगरावांनी मला उघडलं आणि काउंटरला टेकून ती अडीच पानं सावकाश वाचली. मग चष्मा काढला. हळदीच्या डागाशेजारी दोन थेंब पडले.

"लय चांगला मेला," ते म्हणाले. ऐकलंत ना? कुणीतरी म्हणालं एकदाचं! मग नाक पुसत त्यांनी विचारलं, "अन् मेघाबाई?"

"ती आईंसाठी."

"हिरालाल भैया, दसवाँ भाग कब आएगा?"

"क्या पता, बाबूजी. पाँच साल, सात साल..."

"तेवढं थांबाले मले कुठं वेळ आहे?" पांडुरंगरावांनी मला पिशवीत टाकलं. "चल पोरी. मेघाबाई माहेरी गेली होती ना? तिथून सांग."

आता रोज संध्याकाळी गंधाली मला मांडीवर उघडून बसते. पुस्तक हातात नसलं की तिला गोष्ट सुचत नाही म्हणे. माझं एक अक्षर कोणी वाचत नाही. कधी मी उलटा धरलेला असतो, कधी माझ्यावर मेथीच्या काड्या पडतात. असू द्या. ढगोबा मेलाय, हे मी आजही छातीठोक सांगतो. माझ्यात छापलंयच तसं. फक्त एक विनंती आहे. गोष्ट रंगात आली असताना जेवायला बोलवून मला धाडकन मिटू नका हो. काल ढगोबा सासरवाडीच्या दारात उतरला, आणि मेघाबाईनं दार उघडलं की नाही, ते मलाही ऐकायचंय.